गुड्डीचा मेहर

बी.एड. झालेली, पस्तिशी गाठलेली बाई बाहुल्यांचे कपडे शिवत बसते, ही गोष्ट सोलापुरातल्या आमच्या गल्लीला अजून पुरती पटलेली नाही. शेजारच्या खाला येता-जाता विचारतात, "काय टीचर, आज काय शिजवलं गुड्डीसाठी?" त्यात टोमणा थोडा आणि कुतूहल जास्त असते. कारण विचारून झाले की त्या उंबऱ्यावर टेकतात आणि बोटाच्या पेराएवढा समोसा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेतात. आमच्या कपाटाचा खालचा खण याच संसाराने भरला आहे. बुटांच्या खोक्यात गाद्या-रजया, मिठाईच्या डब्यात जेवण, औषधाच्या बाटलीत मणी आणि टिकल्या, आणि एका जुन्या पेटीत खुद्द गुड्डे-गुड्ड्या.

इथे 'आम्ही' लिहिले आहे ते मोठेपणा म्हणून नव्हे. घरात दखनी बोलणाऱ्या माणसाचा 'हम' मराठीत येताना आपोआप 'आम्ही' होतो. शिवाय या कामात एकटे हात नाहीतच. अम्माचा शिवणाचा हात, धाकट्या बहिणीची रंगाची नजर आणि सातवीच्या मुलींची चिमुकली बोटे, असे सगळे मिळून हे 'आम्ही' आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या दशकात, गल्लीत बाहुल्यांची लग्ने लागत. नानीमाँ जुन्या मलमलीच्या ओढणीची गुड्डी करायची. आत कापूस, डोक्याला काळ्या दोऱ्याचे केस, नाकात एक बारीक मणी. गुड्डा मात्र घाईत होई. त्याला एक टोपी शिवली की झाले! सोलापुरात तेव्हा अनेक घरांतल्या बाया बिड्या वळत. पान मापाने कापल्यावर जी कातरण उरे तिच्या आम्ही पत्रावळी करायचो. बिडी बांधायचा रंगीत दोरा गुड्डीच्या ओढणीची किनार व्हायचा. पलीकडच्या मराठी घरातल्या ताईकडे पितळेची भातुकली होती. त्यात चूल, जाते, पाटा-वरवंटा, बंब, सगळे होते. त्या भातुकलीतल्या पातेल्यात आमचा शीरखुर्मा शिजे आणि ताईची बाहुली आमच्या गुड्डीची करवली होई. कुणी कुणाला जात विचारल्याचे आठवत नाही. भांडण व्हायचे ते एवढ्यावरच की बिदाईच्या वेळी रडायचे कुणी.

मग शाळा, कॉलेज, बी.एड. यांत हे सारे मागे पडले. बी.एड.च्या वर्षी शैक्षणिक साधने करताना हाताला ती जुनी खाज पुन्हा सुटली, पण खरे निमित्त मिळाले ते नोकरी लागल्यावर. सातवीला गणित शिकवताना गुणोत्तर आले. उर्दू माध्यमात गुणोत्तराला 'निस्बत' म्हणतात. आता उर्दूत निस्बत म्हणजे सोयरीकही. 'निस्बत तय हुई' म्हणजे लग्न ठरले. फळ्यावर शब्द लिहिला की मुली ओढणीआड हसायच्या. म्हटले, हसताच आहात तर निस्बत दोन्ही अर्थांनी शिकू या. दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास गुड्डीचे लग्न.

पहिला प्रश्न मापाचा. बाई पाच फुटांची, म्हणजे साठ इंचांची. आमची गुड्डी दहा इंचांची. निस्बत सहास एक. म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू मोजायची आणि सहाने भागायची. बारा इंचांचे ताट दोन इंचांचे. सहा फुटांचा पलंग एक फुटाचा. सात फुटांचे दार चौदा इंचांचे. १९५९ साली बाजारात आलेल्या बार्बीचे मापही जवळपास याच हिशेबातले. बाहुलीघरे करणारे हौशी लोक मात्र बहुतेक बारास एक हे प्रमाण धरतात, म्हणजे एका फुटाला एक इंच. ज्या लुटेन्सने दिल्लीत आजचे राष्ट्रपती भवन उभारले त्यानेच इंग्लंडच्या राणी मेरीसाठी याच प्रमाणात एक बाहुलीघर रचले. १९२४ साली ते पुरे झाले, आणि त्यात विजेचे दिवे लागत, नळाला पाणी येई. आमच्याकडे नळाला पाणी कधी येते ते सोलापूरकरांना सांगायला नको. म्हणून आम्ही गुड्डीला नळ दिला नाही, घागर दिली.

खरी गंमत पुढे आहे. लांबी सहाने भागली की आकारमान सहाने नाही, सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे दोनशे सोळाने भागले जाते. पाच किलो तांदळाच्या बिर्याणीची देग गुड्डीच्या मापाची केली तर तिच्यात जेमतेम तेवीस ग्रॅम तांदूळ मावतो. मुलींनी वजनकाट्यावर तांदूळ मोजून पाहिला, मूठभर भरला. पण तांदळाचा दाणा तर लहान होत नाही! गुड्डीच्या ताटात खरा बासमती वाढला तर एकेक शीत तिला केळ्याएवढे दिसणार. यावर तोड काढली एका मुलीने. ईदच्या उरलेल्या बारीक शेवया तिने नखाने दोन-दोन मिलिमीटरच्या तोडल्या, निम्म्या हळदीच्या पाण्यात बुडवल्या, निम्म्या पांढऱ्या ठेवल्या. वाळल्यावर एकत्र केल्या तर हुबेहूब बिर्याणी. त्या दिवशी घनाचे सूत्र वर्गात कुणाला पाठ करावे लागले नाही.

पदार्थांसाठी दोन प्रकारची कणीक लागते. एक मिठाची. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटीभर पाणी. स्वस्त, आणि मुंग्या सहसा लागत नाहीत. पण पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा खेचते आणि श्रावण येईतो कबाब घामाघूम होतात. दुसरी कॉर्नफ्लोअरची. कॉर्नफ्लोअर आणि फेव्हिकॉल सारखे घ्यायचे, थोडे तेल आणि लिंबाचे चार थेंब टाकायचे, मंद आचेवर हलवून गोळा झाला की हाताला तेल लावून मळायचे. ही कणीक मऊसूत, पण वाळताना आक्रसते. म्हणून दीड सेंटिमीटरचा समोसा हवा असेल तर जरा मोठाच करायचा. रोटीवरचे भाजल्याचे डाग रंगाने नाही, तपकिरी खडू घासून त्याची भुकटी बोटाने लावली तर खरे वाटतात. फेव्हिकॉल ओला असताना दुधासारखा पांढरा दिसतो. पण नुसत्या फेव्हिकॉलचा शीरखुर्मा वाटीत ओतला तर दुसऱ्या दिवशी दूध गायब, तळाला शेवया तेवढ्या! फेव्हिकॉल वाळून पारदर्शक होतो. त्यात पांढरा पोस्टर कलर घातला की दूध टिकते.

कपड्याचे शास्त्र आणखी नाजूक. कापडाचे सूतही लहान होत नाही. सोलापूरची चादर गुड्डीला पांघरली तर तिच्या अंगावर सतरंजी टाकल्यासारखी दिसते. मोठ्या फुलांचे छापील कापड घेतले तर छातीवर कोबीचा गड्डा. म्हणून जुनी, धुऊन धुऊन विरलेली मलमल सर्वांत चांगली. शिवाय एवढ्याशा कापडाला स्वतःचे वजन नसते, त्यामुळे शरारा खाली पडतच नाही, छत्रीसारखा उघडा राहतो. अम्माची युक्ती अशी की कापड खळीत बुडवायचे, चुण्या घालून टाचण्यांनी पुठ्ठ्यावर टोचायचे आणि वाळल्यावर टाचण्या काढायच्या. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांतून चिंध्या मिळतात, पण त्या गुड्ड्याच्या कोटाला, गुड्डीला नाही.

चेहऱ्याचा प्रश्न दरवर्षी येतो. बाहुलीला नाक-डोळे काढावेत की नाही यावर आमच्या समाजात वेगवेगळी मते आहेत आणि ती मनापासून धरलेली आहेत. हदीसच्या ग्रंथांत हजरत आयेशांच्या बाहुल्यांचा उल्लेख येतो. त्यांच्या खेळण्यांत कापडाचे पंख लावलेला घोडाही होता. घोड्याला पंख कसे, असे हुजूरांनी विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की हजरत सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते ना! आणि हुजूर हसले. हा प्रसंग आम्ही मुलींना सांगतो आणि पुढचे घरच्यांवर सोपवतो. ज्यांच्या घरी चालते त्या दोन टाक्यांचे डोळे काढतात. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांची गुड्डी कोऱ्या चेहऱ्याची. पेटीत दोन्ही शेजारी-शेजारी झोपतात.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. गेल्या वर्षी सातवीत बावीस मुली होत्या. सहामाही परीक्षा झाली आणि लग्नाची तयारी सुरू केली. मुलींना म्हटले, लग्नाला जे-जे लागते ते घरून बनवून आणा. अमुकच आणा असे मुद्दाम सांगितले नाही. पुढच्या शनिवारी बाक जोडून त्यावर सगळे मांडले. मराठी घरांतल्या लग्नात रुखवत मांडतात, तसेच दिसत होते. काड्यापेट्यांचे ड्रॉवर असलेले कपाट. साबणाच्या खोक्याचा फ्रीज, आत थर्मोकोलचा बर्फसुद्धा. औषधाच्या खोक्याची वॉशिंग मशीन, तिला बाटलीच्या झाकणाचे गोल दार. चांदीच्या कागदाची भांडी, आणि ती एकवीस नगच हवीत म्हणून मोजून केलेली. गादी, रजई, दोन उशा. पलंग, ड्रेसिंग टेबल, मिक्सर. आणि मधोमध तारेची मोटारसायकल. तिला आरसे होते, नंबरप्लेट होती, आणि हँडलला लाल फीत बांधलेली होती. लग्नाच्या मांडवात उभी करतात तशी.

काम इतके सुबक होते की आम्ही बराच वेळ नुसते पाहत राहिलो. मग हळूहळू लक्षात आले की बाकावर जे आहे ते एकाच बाजूने आलेले आहे. बावीस मुलींनी गुड्डीच्या बापाच्या घरातून निघणारी प्रत्येक वस्तू बनवली होती. गुड्ड्याच्या घरातून गुड्डीला यायची एकही वस्तू नव्हती. मुलींना विचारले, "आणि गुड्डीचा मेहर कुठे आहे?" वर्ग गप्प. मग एकीने विचारले, "टीचर, मेहर कैसा दिखता?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. खरेच, मेहर दिसतो कसा? जहेज ट्रकमधून जातो, गल्ली दारात उभी राहून पाहते. मेहर कागदावरच्या एका ओळीत असतो. मुलींनी हातांनी तेच बनवले जे डोळ्यांनी पाहिले होते.

अमेरिकेत फ्रान्सेस ग्लेसनर ली नावाची एक बाई होऊन गेली. १९४० च्या दशकात तिने संशयास्पद मृत्यूंची दृश्ये बारास एक मापाच्या बाहुलीघरांत उभी केली. कॅलेंडरवरची तारीख, अर्धवट सोललेले बटाटे, दाराची कडी, सारे हुबेहूब. तिचा वापर पोलिसांना शिकवण्यासाठी होई. मोठ्या खोलीत शिरलेला माणूस पायाखालचे पाहत नाही. लहान खोलीवर ओणवा झालेला माणूस सगळे पाहतो. तिचे काम खुनांचे होते, आमचे लग्नाचे; पण त्या बाकावर ओणवे झाल्यावर आम्हालाही तेच झाले. शंभर लग्ने जेवून जे दिसले नव्हते ते एका बाकावर दिसले.

मुलींना घरचा अभ्यास दिला. आई आणि दादी-नानीचा मेहर किती होता आणि तो मिळाला का, एवढे विचारून यायचे. उत्तरे चिठ्ठीवर, नाव न लिहिता. निम्म्याहून अधिक आयांना आकडाच आठवत नव्हता. एका दादीचा मेहर एकशे सत्तावीस रुपये होता आणि तो 'अजून यायचा आहे'. एका चिठ्ठीत लिहिले होते, 'अब्बांचा जनाजा उठताना अम्मीने माफ केला.' ती चिठ्ठी आम्ही वर्गात वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले. मेहर दोन तऱ्हांचा असतो. एक लगेच द्यायचा, दुसरा पुढे कधीतरी. उर्दूत दोन्ही शब्द ऐकायला सारखे, मुअज्जल. लिहिताना एकाच अक्षराचा फरक. एकात 'ऐन', दुसऱ्यात 'हमजा'. देवनागरीत लिहिले तर तोही फरक पुसला जातो. आणि आमच्या कितीतरी घरांत व्यवहारातूनही तो पुसला गेला आहे. 'पुढे कधीतरी'चा अर्थ 'कधीच नाही' असा झाला आहे. कुराणशरीफच्या सूरह निसामध्ये स्त्रियांना त्यांचा मेहर खुशीने द्या असे सांगितले आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंड्याची व्याख्या करताना आमचा मेहर त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. धर्म आणि कायदा दोघेही मेहरच्या बाजूने उभे असताना बाकावर मोटारसायकल होती आणि मेहर नव्हता.

मग निकाहनामा करायचा ठरले. ए-फोर कागद सहाने भागला तर साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर लांब. बारीक निबेच्या पेनने रकाने आखले. वर, वधू, दोन साक्षीदार, काझी, मेहर किती, लगेच की नंतर, आणि दोघांच्या जन्मतारखा. इथे वाद सुरू झाला. एक तोळा सोने मेहर ठरला होता. कुणीतरी म्हणाले, गुड्डी लहान आहे, तोळाही सहाने भागा. गुड्ड्याच्या बाजूची मुलगी तर म्हणाली, दोनशे सोळाने भागा! गुड्डीची आई झालेली मुलगी उठून उभी राहिली. "मोटारसायकल मांगते वक्त भाग्या क्या सहाने? नै ना? फिर मेहर बी नै भागने का."

जन्मतारखेवरही तसेच झाले. गुड्डी तर गेल्या महिन्यात शिवलेली. शेवटी वर्गाने ठरवले की गुड्डीचे वय अठरा पूर्ण आणि गुड्ड्याचे एकवीस, आणि तेही सहाने भागायचे नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यातली ही वये आहेत, हे आम्ही नंतर सांगितले. त्या बाकांवर बसणाऱ्या मुलींना हा आकडा पुस्तकी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्ने अठरा वर्षांआधी झालेली आढळली. पाचांत एकीहून जास्त. आठवीनंतर हजेरीपटावरून एखादे नाव कमी होते तेव्हा वर्गात कुणी कारण विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक असते.

लग्नाच्या दिवशी वकील झालेली मुलगी गुड्डीकडे गेली आणि रीतीप्रमाणे तीनदा विचारले. गुड्डी गप्प. "खामोशी म्हणजे हो," कुणीतरी मागून सांगितले. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले. तेव्हा कोऱ्या चेहऱ्याची गुड्डी शिवणारी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "टीचर, गुड्डी तो बोलतीच नै. उसकी खामोशी कैसी गिनने की?" वर्ग हसला नाही. गुड्डीची आई तिच्या वतीने मोठ्याने 'कबूल है' म्हणणार होती, ती थांबली. बरीच चर्चा झाली आणि ठरले की गुड्डीची सही हवी. सुईला काळा दोरा ओवून निकाहनाम्याच्या कोपऱ्यात एक टाका घातला. ती तिची सही.

हे सगळे शाळेच्या प्रदर्शनात मांडले. मोटारसायकल करणाऱ्या मुलीची आई पाहायला आली. तिच्या मोठ्या मुलीची निस्बत त्याच महिन्यात ठरली होती. मोटारसायकलचे हप्ते कुठून भरायचे यावर घरात बोलणी चालू होती. ती बराच वेळ ओणवून पाहत होती. आम्हाला वाटले, आता म्हणेल की घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर का आणल्या. ती म्हणाली, "आमची काळी घ्यायची म्हणतायत. हिने लाल केली." मग निकाहनामा उचलून विचारले, "यात 'लगेच' कुठल्या अक्षराने लिहिलंय?" बिड्या वळून तंबाखूच्या रंगाची झालेली तिची बोटे होती. आम्ही 'ऐन' दाखवला. तिने तो नखाने हवेत दोनदा गिरवला आणि गेली.

मोटारसायकल द्यावी लागलीच, काळ्या रंगाची. गुड्डीच्या खेळाने जग बदलते असे आम्हाला वाटत नाही आणि वाचकांनीही समजू नये. पण लग्नानंतर ती मुलगी वर्गात आली आणि तिने सांगितले की काझीसाहेबांनी कागद पुढे केला तेव्हा अम्मीने पडद्याआडून विचारले, कुठला मुअज्जल लिहिलाय? ऐनवाला की हमजावाला? मर्दांच्या बाजूला जरा कुजबुज झाली. मग अर्धा मेहर तिथेच रोख दिला गेला आणि तो नवरीच्या हातात पडला.

यंदा नव्या सातवीची निस्बत सुरू झाली आहे. या मुलींनी मागच्यांकडून ऐकलेले आहे, त्यामुळे पहिल्याच शनिवारी दोघीजणी भांडत आल्या. फ्रीज आधी करायचा की निकाहनामा? आम्ही कात्री, खळ आणि पट्टी पुढे ठेवली आणि म्हटले, आधी मोजून घ्या.